सातव्या मागाची नोंद

अक्कलकोट रोडला कारखान्यात एक हिशेब,
चाटी गल्लीत पेढीवर दुसरा.
दोन्ही एकच पाहिजेत, कुडक्यालनाना म्हणाले.
मी म्हटलं, एकच नसतात हो कधी.
एक होत राहतात.
तार तुटली तर दोघांनी आपापलं लिहीत जायचं,
जुळली की एकमेकांना विचारायचं, काय नवीन?
म्हणजे वाटणी झालेल्या भावांसारखं की,
नाना म्हणाले, आणि चहा मागवला.

बाबा जकार्डचे पुठ्ठे ठोकायचे.
एका मागावरचा मोर दुसऱ्या मागाला हवा
तर भोकावर भोक धरून नवा संच.
एकदा एकच भोक राहिलं,
आणि दीडशे चादरी आंधळा मोर घेऊन
कुठल्या कुठल्या गावाला गेल्या.
नक्कल खोटं बोलत नसती पोरी, बाबा म्हणायचे,
दिलं तेवढंच सांगती.

एप्रिलात, दुपारी दोनच्या सुमाराला,
रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं केबल उचकटली.
कारखान्यात राजेशमनं टाकलं:
माग सात, सायन्ना चिलवेरी, टॉवेल अडतीस.
पेढीवर जयाक्कानं टाकलं:
सायन्ना चिलवेरी, नाव कमी.
जेवायला घरी गेलेला माणूस, उंबऱ्यातच बसला म्हणे.
सिव्हिलमधून फोन पेढीवर आला.
कारखान्याच्या खटखटीत कुणाला ऐकू जातंय.

रात्री साडेनऊला तार जुळली.
एक प्रत म्हणाली, अडतीस टॉवेल.
दुसरी म्हणाली, हा माणूस नाही.

नियम मीच घातला होता, सोपा:
शेवटी लिहिणाऱ्याचं खरं.
पण कारखान्याचं घड्याळ राजेशम
सहा मिनिटं पुढं ठेवतो,
पाळीला उशीर नको म्हणून.
त्या सहा मिनिटांवर सायन्ना जिंकला
आणि दोन्हीकडं जिवंत झाला.
सकाळी यादीत: माग सात, पहिली पाळी, गैरहजर.

जयाक्कानं मुळासकट खोडलं.
संध्याकाळी परत आला.
कारखान्याची प्रत तिला म्हणत होती,
तुझ्याकडं हा नाही वाटतं, घे.
परत खोडला, परत आला.
तिसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला,
आवाज दबका, शेजारी कुणी असल्यासारखा.

नुसतं पुसून भागत नाही.
त्या जागी दगड ठेवावा लागतो:
इथं एक नोंद होती, पुसली, हिनं पुसली.
तो दगड दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचेस्तोवर
हलवायचा नाही.
आमच्या धंद्यात त्याला थडगंच म्हणतात.
शिकताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा
मी वर्गात फिसकन हसले होते.

घड्याळावरचा नियम काढला.
आता जुळत नाही ते ठरवत नाही मी,
शेजारी शेजारी मांडते आणि माणसाला विचारते.
डावीकडं अडतीस टॉवेल, उजवीकडं नाव कमी.
कुठलं ठेवायचं?
जयाक्का बराच वेळ बघत राहिली.
दोन्ही खरं आहे की गं, म्हणाली.
मग मी तिसरं बटण केलं.

तेराव्यानंतर नरसम्मा पेढीवर आली,
बोटांना विडीच्या तंबाखूचा वास.
जयाक्कानं अडतीसचे पैसे मोजून पुढं सरकवले.
नरसम्मानं नोटांना हात लावला नाही.
एकोणचाळीस, ती म्हणाली.
भाकरी मोडताना म्हणाले होते, आज एकोणचाळीस.

जयाक्कानं माझ्याकडं बघितलं,
मी पडद्याकडं.
दोन्ही प्रती अडतीसवर ठाम, एका शब्दाचा फरक नाही.
नानांनी स्वतः कारखान्यात फोन लावला.
राजेशम, सातव्यावर जाऊन बघ रे.

फोन चालूच राहिला, इतर मागांची खटखट येत होती.
मग राजेशम म्हणाला,
आहे नाना. रोलवरच आहे एक, पुरा झालेला.
कापलाच नव्हता कुणी.